पाक, कॅरॅमल आणि कोळसा: साखर तापवायला शिकणाऱ्यांसाठी

स्वयंपाक नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पाकाची धास्ती असते. रव्याचे लाडू करायला घ्यावेत तर पाक कच्चा राहून लाडू बसतात, नाहीतर पुढे जाऊन दगड होतात. कस्टर्डसाठी कॅरॅमल करावं तर ते फिकं राहतं किंवा डोळ्यांदेखत काळं पडतं. कृतीच्या पुस्तकात ‘पाक तयार झाला की उतरवा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तयार झाला म्हणजे काय झालं हेच तर आपल्याला ठाऊक नसतं.

माझी आजी पुण्याच्या कसबा पेठेतल्या वाड्यात संक्रांतीचा काटेरी हलवा करायची. शेगडीवर परात, शेजारी पाकाची वाटी, आणि तासन् तास मान वर नाही. कुणी हाक मारली तर म्हणायची, “पाकाला पाठ दाखवायची नसते.” मला तेव्हा ती तिची सवय वाटायची. साखरेचं काय होतं हे पुढे नीट समजलं तेव्हा कळलं की पाकाबद्दल नवशिक्याला सांगावी अशी पहिली सूचना तीच आहे.

माझा आग्रह असा की सुरुवात लाडवांपासून करूच नका. एक संध्याकाळ मोकळी ठेवा, २०० ग्रॅम साखर घ्या आणि तिला पाण्यापासून थेट कोळशापर्यंत एकदा न्या. अन्न वाया घालवणं आपल्याला रुचत नाही, मलाही नाही. पण यातली बहुतेक साखर खाल्लीच जाते, जळतो तो एक चमचा. आणि तो एक चमचा जळताना नीट पाहिला की पुढे पातेलंभर पाक फुकट जात नाही.

आधी हे समजून घ्या: दोन पाणी

साखर तापवणं म्हणजे तिच्यातून पाणी काढून घेणं. हे पाणी दोन प्रकारचं असतं आणि सगळा धडा या दोहोंतल्या फरकात आहे.

पहिलं पाणी आपण घातलेलं. साखरेत अर्धी वाटी पाणी ओतलं, उकळलं, ते वाफ होऊन गेलं. जितकं गेलं तितका पाक घट्ट. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, चिक्कीचा कडक पाक, या सगळ्या अवस्था म्हणजे ‘आता किती पाणी उरलं’ याचीच वेगवेगळी नावं.

दुसरं पाणी साखरेच्या रेणूत बांधलेलं. शाळेत आपण ‘कर्बोदक’ हा शब्द पाठ केला, पण तो फोडून कधी पाहिला नाही. कर्ब आणि उदक. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यातल्यासारखंच, दोनास एक. म्हणजे हिशेबापुरतं पाहिलं तर १२ कार्बन आणि पाण्याचे ११ रेणू. वजनात मांडायचं तर १०० ग्रॅम कोरड्याठाक साखरेत सुमारे ४२ ग्रॅम कार्बन, आणि उरलेल्या ५८ ग्रॅमांतून पाणी होऊ शकेल असा ऐवज. साखर हाताला कोरडी लागते, तरी तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग असा आहे.

याचा स्वयंपाकघरातला अर्थ सरळ आहे. पहिलं पाणी गेलं तर परत घालता येतं. पाक पुढे गेला, गोळीबंद झाला, घाबरू नका. चार चमचे पाणी घाला, पुन्हा उकळा, एकतारीवर परत या. दुसरं पाणी गेलं की गेलं. कॅरॅमलमध्ये बादलीभर पाणी ओतलं तरी त्याची पांढरी साखर होत नाही. म्हणून पाकात चूक झाली तर ती निस्तरता येते, कॅरॅमलमध्ये येत नाही.

सामान

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, आतून चकचकीत. काळं नॉनस्टिक नको, त्यात रंग दिसत नाही आणि इथे रंगावरच सगळं आहे. लांब दांड्याचा लाकडी चमचा, सांडशी, एक पांढरी ताटली, वाटीभर गार पाणी. पातेल्याचं बूड बसेल एवढं मोठं भांडं अर्धं पाण्याने भरून ओट्यावर ठेवा, त्याचं काम पुढे आहे. एक जुना स्टीलचा डाव लागेल, जो काळा पडला तरी चालेल असा. यातलं घरात नसेल ते तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत एका फेरीत मिळून जाईल.

थर्मामीटर असला तर उत्तम. २०० अंशांपर्यंत जाणारा, स्वयंपाकाचा. तापाचा मुळीच नको.

थर्मामीटर घेतलात तर आधी साधं पाणी उकळून त्याचा आकडा पाहा. पुण्यात तो १०० दिसणार नाही, ९८च्या आसपास दिसेल. यंत्र बिघडलेलं नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. सिंहगडावर चहा ठेवलात तर आणखी अडीच अंश कमी. त्यामुळे परदेशी पुस्तकांतले पाकाचे आकडे पुण्यात जसेच्या तसे वापरले तर पाक पुढे जातो. प्रत्येक आकड्यातून दोन वजा करायचे. ही वजाबाकी फक्त पहिल्या पाण्यापुरती. कॅरॅमलचा रंग रेणू तुटण्यावर ठरतो, उकळण्यावर नाही, त्यामुळे तिथे उंचीचा संबंध राहत नाही.

भाजण्याबद्दल, गॅस पेटवण्याआधी

उकळतं पाणी अंगावर उडालं तर ते निथळून जातं. १७० अंशांचा पाक चिकटून बसतो आणि तिथेच भाजत राहतो. माझ्या अंगठ्यावर अजून त्याचा वण आहे. रंग पाहून लोभ सुटला आणि मी गरम कॅरॅमलला बोट लावलं. म्हणून पूर्ण बाह्यांचा सुती कपडा घाला, लहान मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका, आणि काहीही चाखायचं असेल तर ताटलीवर टाकून पूर्ण गार झाल्यावरच. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ भाजलं असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

पायरी १: विरघळवणं

पातेल्यात २०० ग्रॅम साखर आणि १०० मिलिलिटर पाणी. मंद आच. उकळी येण्याआधी सगळी साखर विरघळायला हवी. तोवर हलवलं तरी चालतं. पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या बोळ्याने किंवा ब्रशने आत ओढून घ्या. उकळी फुटली की चमचा बाजूला.

चमचा का ठेवायचा? साध्या तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २०० ग्रॅम साखर मावते. उकळत्या पाण्यात तिच्या दुपटीहून जास्त, ४८० ग्रॅमांपर्यंत. म्हणजे आटलेल्या पाकात साखर जणू दाटीवाटीने उभी असते आणि बसायला जागा शोधत असते. कडेचा एक दाणा पडला किंवा चमच्याने ढवळलं की त्या दाण्याभोवती बाकीची साखर भराभर जमते आणि पाक साखरतो, पांढरा रवाळ होतो.

साखरणं नेहमीच वाईट असतं असं मात्र नाही. रव्याचे लाडू वळल्यावर आकार धरून राहतात ते पाक आत साखरल्यामुळेच. पाडव्याच्या गाठी, बत्तासे, हलव्याचा काटा, सगळं साखरणंच. आजी खसखशीवर किंवा तिळावर एकतारी पाकाचे थेंब सोडून हाताने परात हलवत राहायची. प्रत्येक थेंब वाळताना त्याची साखर व्हायची आणि दिवसेंदिवस त्याचे काटे वाढत जायचे. तिने साखरण्यालाच कामाला लावलं होतं.

चिक्की किंवा कॅरॅमलला मात्र साखरणं चालत नाही. तिथे पाकात पाव चमचा लिंबाचा रस घाला. आम्लामुळे थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे वेगळ्या आकाराचे रेणू मध्ये आले की साखरेला रांग धरता येत नाही.

पायरी २: तार, गोळी, टणक

आता आच मध्यम. दर दोन मिनिटांनी चमच्याच्या टोकाने एक थेंब ताटलीवर घ्या, जरा निवू द्या, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हलकेच उघडा. आधी नुसता चिकटपणा लागेल. गुलाबजामला एवढाच पुरतो. मग बोटांमध्ये एक धागा निघून लगेच न तुटता टिकेल, तो एकतारी, पाकातल्या पुऱ्यांचा आणि रव्याच्या लाडवांचा. माझ्या थर्मामीटरवर तो १०४-१०५च्या सुमारास मिळतो. आणखी थोडं पाणी गेलं की दोन धागे.

यापुढे बोटं नकोत. गार पाण्याच्या वाटीत थेंब सोडा. तळाशी बसून बोटांनी मऊ गोळी वळता आली तर गोळीबंद. पुण्यात हे ११० ते ११३ अंशांत होतं. गोळी हळूहळू कडक होत जाते, आणि १४५च्या पुढे वाटीत पडलेला थेंब काचेसारखा होतो. तो वाटीवर आपटला की ‘टण्’ वाजतो, दाताखाली कडकन तुटतो. साखरेची चिक्की इथली. रंग अजून जवळजवळ पांढरा आहे आणि पाणी एक-दोन टक्केच उरलं आहे.

इथपर्यंत साखर साखरच आहे. हा काचेसारखा तुकडा पाण्यात टाकलात तर पुन्हा साखरेचं पाणी होईल.

पायरी ३: रंग

इथे आजीची सूचना आठवा. आता पातेल्याला पाठ दाखवायची नाही.

कारण असं. पाणी असेपर्यंत गॅसची बरीचशी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते, म्हणून तापमान रेंगाळत चढतं. पाणी संपलं की ती सगळी उष्णता साखरेवर येते आणि आकडा धावायला लागतो. इतका वेळ पाकाने वाट पाहायला लावलेली असते, आपल्याला वाटतं अजून वेळ आहे, आणि दोन मिनिटांत सगळं होऊन जातं. नवशिक्यांचं कॅरॅमल जळतं ते बहुतेक वेळा या फसगतीने. कानही उघडे ठेवा: उकळीचा खळखळाट बसतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, वाफ जवळजवळ थांबते. हा आवाज बदलला की आच मंद करा आणि फोन वाजला तरी उचलू नका.

साधारण १६० अंशांना कडेने फिकट पिवळा रंग येतो. चमचा घालू नका, सांडशीने पातेलं धरून गोल फिरवा. आता प्रत्येक छटेचा एक थेंब ताटलीवर ओळीने टाकत जा. पहिला गव्हाळ, दुसरा मधासारखा, तिसरा कोऱ्या चहासारखा, चौथा आमसुलाच्या आगळासारखा काळसर तांबडा. गार झाल्यावर डावीकडून उजवीकडे चाखा. या ओळीइतकं कुठलंही पुस्तक शिकवत नाही.

पहिला थेंब नुसता गोड. दुसऱ्यात लोण्याचा वास. तिसऱ्यात भाजलेल्या दाण्यांचा, किंचित आंबटपणा, आणि गोडी चक्क कमी झालेली. चौथ्यात कडवटपणा पुढे. साखरेचे रेणू फुटतात, दुसरं पाणी सोडतात आणि तुकडे पुन्हा वेगवेगळ्या रीतीने जोडले जातात. लोण्याचा वास डायअ‍ॅसिटिल नावाच्या पदार्थाचा, भाजल्याचा वास फ्युरान आणि माल्टॉल यांच्यासारख्यांचा. रंग येतो तो एकमेकांना चिकटून झालेल्या मोठ्या रेणूंमुळे. त्यातल्या एकाला कॅरॅमेलान म्हणतात: साखरेचे दोन रेणू जवळ आले आणि त्यांनी पाण्याचे चार रेणू सोडले की हा हिशेब बसतो. एका पदार्थापासून, बाहेरचं काहीही न घालता, इतके वास आणि इतक्या चवी निघतात याचं मला आजही नवल वाटतं.

माझं मत तिसऱ्या थेंबाच्या बाजूने आहे. बहुतेक जण भीतीने दुसऱ्यावरच थांबतात आणि कस्टर्ड नुसतं गोडमिट्ट होतं. इराणी हॉटेलातल्या कॅरॅमल कस्टर्डवरचा तो पातळ तपकिरी रस आठवा. त्यातला हलका कडवटपणाच अंड्यादुधाच्या गोडीला तोलून धरतो.

हवा तो रंग येण्याच्या किंचित आधी गॅस बंद करा आणि पातेल्याचं बूड शेजारच्या पाण्याच्या भांड्यात टेकवा. गॅस बंद झाला तरी जाड बूड तापलेलं असतं आणि रंग पुढे सरकतच राहतो. कॅरॅमल पातळ करून ठेवायचं असेल तर गरम पाणी, अर्धी वाटी, चमच्याचमच्याने, हात लांब ठेवून घाला. गार पाणी एकदम ओतलं तर ते क्षणात वाफ होऊन उसळतं. हे पातळ कॅरॅमल बरणीत बरेच दिवस राहतं; दुधात, खिरीत चमचाभर घालून पाहा.

हे सगळं पाण्याशिवायही करता येतं. तापल्या पातेल्यात तीन चमचे साखर पसरली की कडेने वितळून तांबूस होते. घाई असेल तेव्हा मी तसंच करते, पण शिकताना नको, कारण मध्ये दाणे आणि कडेला जळका रस असं होतं. पुस्तकात साखरेचा द्रवणांक १८६ अंश दिलेला असतो, पण ती बर्फासारखी एका ठरावीक आकड्याला मुकाट्याने वितळत नाही. वितळता वितळता ती तुटतही असते. ओव्हनमध्ये १५० अंशांना काही तास ठेवलेली साखर दाणेदार राहूनही तपकिरी होते.

इथे एक गल्लत नेहमी होते. बासुंदीचा, पेढ्याचा, पावाच्या कवचाचा, कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांच्या कडांचा तांबूसपणा, या सगळ्याला लोक सरसकट कॅरॅमल म्हणतात. तो मुख्यतः वेगळ्याच क्रियेचा असतो. तिथे साखरेबरोबर प्रथिनंही असतात आणि दोघांच्या संयोगातून कमी तापमानालाही रंग चढतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच संशोधकाने १९१२ साली ती मांडली म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. गुऱ्हाळात काहिलीत रस आटतो तेव्हा दोन्ही क्रिया थोड्याथोड्या चालतात. मार्केट यार्डातल्या गुळाच्या ढेपांचा रंग आणि वास त्यांचाच. साखर कारखान्यात नेमकं उलट. तिथे रंग येऊ नये म्हणून हवेचा दाब कमी केलेल्या बंद भांड्यांत रस उकळतात, म्हणजे तो ६०-७० अंशांनाच उकळतो आणि साखर पांढरी राहते.

पायरी ४: कोळसा

खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा. जुन्या डावात एक चमचा साखर घ्या, सांडशीने धरून मंद आचेवर. रस, मध, चहा, आगळ, सगळे रंग झरझर सरकतील. मग पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर. मग तो काळा रस फुगायला लागेल. फुगणारा वायू म्हणजे बराचसा वाफच, ते दुसरं पाणी. धुराच्या वर क्षणभर गार स्टीलची ताटली धरा. तिच्यावर दव धरल्यासारखं होईल. एवढ्यासाठी तरी हा प्रयोग करावा. कोरड्या साखरेतलं पाणी डोळ्यांनी दिसतं.

शेवटी डावात हलका, सच्छिद्र, काळा कोळसा उरतो. हिशेबाने तो ४२ टक्के भरायला हवा, पण थोडा कार्बन धुरातून आणि वायूंतूनही जातो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी भरतो.

हे झालं जळकं, पण अजून ‘पेटलेलं’ नाही. साखरेच्या खड्याला काडी लावून पाहा: वितळेल, काळा पडेल, पण स्वतःहून जळत राहणार नाही. त्याच खड्याच्या टोकाला थोडी राख चोळली, पूर्वी बंबात असायची तशी, तर तो छोट्या ज्योतीने पेटतो. राख स्वतः जळत नाही, जळणं सोपं करते. पूर्ण जळाली तर साखरेचा एक रेणू ऑक्सिजनचे १२ रेणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचे १२ व पाण्याचे ११ रेणू देतो. आपल्या शरीरात लाडू पचतो त्याचा अखेरचा हिशेबही हाच. वेग वेगळा, पायऱ्या कितीतरी जास्त, आणि दर ग्रॅमला सुमारे ४ कॅलरी.

पिठीसाखर मात्र पेटत्या गॅसजवळ कधीही चाळू नका. हवेत तरंगणारी बारीक साखर चहूबाजूंनी ऑक्सिजनला भिडलेली असते आणि भडकते. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका साखर कारखान्यात साठलेल्या साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगारांचा जीव गेला.

हवामान आणि भांडी

जून ते सप्टेंबर पुण्यात चिक्की किंवा कॅरॅमलचे तुकडे करायला घेऊ नका. काचेसारखी साखर हवेतली ओल ओढून घेते आणि तासाभरात चिकट होते. करायचंच असेल तर गार होताक्षणी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जानेवारीची कोरडी थंडी सगळ्यात चांगली. आजीचा हलवाही त्याच दिवसांतला.

पातेलं घासत बसू नका. त्यात पाणी भरून उकळा, कॅरॅमल आपोआप विरघळून निघून जातं. डावातला कोळसा मात्र पाण्यात विरघळत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून तो रात्रभर भिजत ठेवा, सकाळी लाकडी चमच्याने पापुद्र्यासारखा सुटेल.